तीन कॉर्ड, साडेतीन चरण

दिवाळीच्या सुट्टीत भालकीला गेलो होतो. दुपारी ओसरीवर आडवा झालो, तर भाच्यानं माझ्या दोन्ही कानांत इअरफोन खुपसले. म्हणाला, "मामा, ऐका की जरा."

ऐकलं. पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा ड्रम, त्याच्यावर गिटारचा एकच एक करकरीत खरखराट आणि या सगळ्यावर ताण करून ओरडणारा कुणी तरुण. अडीच मिनिटांत सगळं संपलं. मी इअरफोन काढून त्याच्याकडे पाहिलं.

"भजन आहे हे," तो म्हणाला.

ते खरोखर भजनच होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, काही मुलांनी येशूची गाणी पंक रॉकमध्ये म्हणायला सुरुवात केली. 'अंडरकव्हर' नावाच्या बँडचा 'गॉड रूल्स' हा अल्बम १९८३चा आणि 'ऑल्टर बॉईज'चा 'गट लेव्हल म्युझिक' १९८६चा. या मुलांची दोन्हीकडून पंचाईत होती. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना हा गोंगाट सैतानाचा वाटायचा आणि पंकवाल्या पोरांना देवाचं नाव काढणारा माणूस आपल्यातला वाटायचा नाही. मग हे अल्बम छोट्या कंपन्यांनी काढले, धार्मिक पुस्तकांच्या दुकानात कॅसेट म्हणून विकले गेले आणि पुढे विसरले गेले. आता चाळीस वर्षांनी भाच्यासारखी पोरं ते उकरून काढताहेत. भाच्याचे दोन मित्र बिदरच्या मंगळपेठेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये वाजवतात, एक ढोलक आणि एक गिटार. त्यांच्याकडूनच हे खूळ घरात शिरलेलं.

"आपल्याकडं असं काही झालं होतं का?" त्यानं विचारलं. "म्हणजे देव येशू, पण सूर आपल्या गल्लीतला?"

"झालं होतं," मी म्हणालो. "चारशे वर्षांपूर्वी. तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींची एकही प्रत आज जगात कुठं शिल्लक नाही. लिहिणारा इंग्रज होता. भाषा मराठी."

भाच्यानं गाणं बंद केलं.

या गोष्टीची सुरुवात गोव्यात होते असं सगळे सांगतात. मी मात्र ती आमच्या जिल्ह्यापासून सांगतो आणि त्यात निव्वळ गावाचा अभिमान नाही. भालकीपासून फार लांब नसलेलं बसवकल्याण म्हणजे जुनं कल्याण, पश्चिम चालुक्यांची राजधानी. तिथं बाराव्या शतकात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. याला राज्य करण्यापेक्षा लिहिण्यात रस जास्त असावा, कारण ११२९च्या सुमारास त्यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती कसे पकडावेत, वडे कसे तळावेत, दागिने कसे पारखावेत, गाणं कसं ऐकावं, काय वाटेल ते त्यात आहे. गाण्याच्या प्रकरणात तो जाता जाता सांगतो, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात.

एवढंच. पण ओवीचा हा फार जुना लेखी उल्लेख आहे, ज्ञानेश्वरीच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधीचा. आणि तो पुण्यात किंवा पैठणात लिहिलेला नाही. आजच्या कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, कन्नड राजाच्या दरबारात, संस्कृतात तो लिहिला गेला. मराठी बाईच्या मुसळाचा ताल एका कानडी राजाच्या कानावर पडला आणि त्याला तो नोंदवून ठेवावासा वाटला, हे मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

ओवी म्हणजे नेमकं काय, हे भाच्याला समजावून सांगावं लागलं. शाळेत कन्नड माध्यम, घरात मराठी, फोनवर इंग्रजी. त्याच्यासाठी मी तिथंच एक ओवी जुळवली:

भालकीची गाडी निघाली
कमलनगरी थांबली
उदगीरची हद्द लागली
कळलेच नाही

पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि यमकाविना मोकळा. म्हणून ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात. अक्षरं मोजायची नाहीत, लघु-गुरू पाहायचे नाहीत. एका चरणात सहा अक्षरं आली तरी चालतात, अकरा आली तरी गाणारी ती ओढून बसवते. संस्कृत वृत्तात एक मात्रा चुकली की पंडित कान टवकारतो. ओवीत मात्र चूक होण्याची जागाच जवळजवळ नाही. आणि तो चौथा अर्धा चरण ही खरी करामत आहे. तिथं यमकाचा फास सुटतो, श्वास घेता येतो, मुसळ वर उचलता येतं, आणि नेमकं मनातलं बोलायचं असेल तर तेही तिथंच बोलता येतं.

भाच्याला हे चटकन कळलं, कारण पंकचंही असंच आहे. १९७७च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका हातानं काढलेल्या चोपड्यात गिटारच्या तीन कॉर्डची चित्रं छापली होती आणि खाली सुचवलं होतं, की झालं, आता आपला बँड काढा. त्या मुलांनी हे अगदी मनावर घेतलं. ज्यांना शास्त्र येत नव्हतं, क्लास परवडत नव्हता, त्यांनी तीन कॉर्डवर सगळं जग अंगावर घेतलं. ओवीनं मराठीत हेच काम आठशे-नऊशे वर्षं केलं. जिच्या हातात मुसळ तिची ओवी. ज्ञानदेवांना १२९० मध्ये गीता सांगायची होती, तेव्हा त्यांनीही हेच कांडणाचं गाणं उचललं. मोठ्या पंडितानं नाक मुरडावं असाच तो निर्णय होता.

ज्ञानेश्वरीनंतर ओवीचं दार उघडंच राहिलं आणि त्यातून कोण कोण आत आलं, हे पाहिलं की सीमाभागातल्या माणसाची छाती जरा फुगते. 'गुरुचरित्र' घ्या. घराघरात ज्याचे सप्ताह होतात त्या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर, आळंद तालुक्यातल्या कडगंचीच्या सायंदेवाच्या घराण्यातला. त्याची मायबोली कन्नड. मराठी आपली भाषा नाही, हे तो स्वतःच ग्रंथात कबूल करतो आणि मग ओवीमागून ओवी, पन्नासहून जास्त अध्याय लिहितो. ज्या गाणगापुराची ती कथा, तेही कलबुर्गी जिल्ह्यातलंच. दुसरा शहा मुंतोजी, बिदरच्या बहामनी राजवंशातला म्हणून परंपरा सांगते. त्यानं कल्याणच्या सहजानंदांना गुरू केलं, मृत्युंजय हे नाव घेतलं आणि 'सिद्धसंकेत प्रबंध' मराठीत लिहिला. रा. चिं. ढेऱ्यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात त्याची ओळख करून दिली नसती, तर आपण त्यालाही विसरूनच गेलो असतो. आणि जात्याची गोष्ट निघालीच आहे तर गुलबर्ग्याचे बंदेनवाज. दख्खनीतला एक 'चक्कीनामा' त्यांच्या नावावर सांगितला जातो. जातं फिरवताना बायकांनी म्हणायचं सूफी गाणं ते. जात्याचा खुंटा, पाळी, पीठ यांत अल्लाचं नाव गुंफायचं. म्हणजे इथल्या धर्मवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घरात शिरायचं असेल तर पुढच्या दारानं नाही, जात्यापाशी जायचं.

हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका माणसालाही उमगली.

थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, १५४९च्या सुमाराचा. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक असणं धोक्याचं होतं, तेव्हा हा रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट झाला. ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. वाटेत हिरड्या सुजून, पाय सुजून दीडशेवर माणसं आजारी पडली आणि २७ दगावली. लंडनमध्ये व्यापारी असलेल्या वडिलांना त्यानं हे सगळं पत्रातून कळवलं. ते पत्र पुढे इंग्लंडात छापून आलं आणि हिंदुस्थानचा रस्ता शोधणाऱ्या इंग्रजांनी आवडीनं वाचलं. हिंदुस्थानात येऊन राहिलेला हा पहिला ज्ञात इंग्रज. कंपनी सरकार स्थापन व्हायला अजून एकवीस वर्षं होती.

तो उरलेली चाळीस वर्षं गोव्यातच राहिला, बहुतेक साष्टीत, म्हणजे मडगाव-राशोलच्या पट्ट्यात. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं नारळाच्या झाडाचं असं वर्णन केलंय की वाचताना झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. तेल, ताडी, गूळ, व्हिनेगर, दोर, सगळं एका झाडातून. आणि त्याच पत्रात तो सहज म्हणून जातो, की इथल्या भाषांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये हीच गोष्ट सांगितली तेव्हा त्यातून एक शास्त्र जन्माला आलं. साष्टीतल्या पाद्र्यानं दोनशे वर्षं आधी सांगितली, तेव्हा ती एका घरगुती पत्रात राहिली.

इथं जरा थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. स्टीफन्स पोचला त्याच्या बारा वर्षं आधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून बसलेलं होतं. पोथ्या जप्त होत, जाळल्या जात. १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी संतापून पाच जेझुइटांना मारलं, त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेला रुदोल्फो अक्वाविवा होता. ते मृतदेह ताब्यात आणण्याच्या कामी स्टीफन्स होता. म्हणजे हा माणूस पंकवाल्यांसारखा व्यवस्थेच्या बाहेर उभा नव्हता. व्यवस्थेच्या पोटातच होता. बंडखोर कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मी थोड्या वेळानं पुन्हा काढणार आहे.

साष्टीतले नवे ख्रिस्ती मनानं अडकले होते. धर्म बदलला होता, पण संध्याकाळी काय म्हणायचं? पूर्वी पुराण ऐकत, कथा ऐकत. तीच पुराणं आता मना होती. पुढे स्टीफन्सनं येशूचं पुराण ओवीत लिहिलं, ते क्रिस्तपुराण. त्याच्या आरंभी त्यानं हाच प्रसंग रंगवलाय. धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रीबाबाला विचारतो, जुनी पुराणं तुम्ही बंद केली, मग आमच्या भाषेत दुसरं काहीतरी द्या ना. मला हा प्रश्न साऱ्या ग्रंथातला सर्वांत धीट वाटतो. धर्म कोणताही द्या, पण गाणं आमचं हवं.

आणि त्यानं दिलं. १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात क्रिस्तपुराण छापलं गेलं. 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण' असे दोन भाग, पहिल्यात आदामपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायांना नाव 'अवस्वरू'. सगळ्या मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरी नऊ हजारांची, हे ध्यानात घ्या. साठी ओलांडलेल्या एका परक्या माणसानं, मायबोली नसलेल्या भाषेत, ज्ञानेश्वरीहून मोठा ग्रंथ उभा केला. मराठीची थोरवी गाताना तो रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमा एकापुढे एक मांडत जातो, आणि आजही मराठी दिनाला भाषणं करणारी मंडळी त्या ओव्या म्हणतात. त्यातल्या कितीजणांना त्या ओव्या येशूच्या पुराणातल्या आहेत हे ठाऊक असतं, ते विचारू नये.

त्याची भाषाही मिश्र आहे आणि ती मिसळण त्यानं मुद्दाम केली. प्रस्तावनेत तो सांगतो, की शुद्ध मराठी इथल्या सगळ्यांना समजत नाही, म्हणून सोपेपणासाठी ब्राह्मणी, म्हणजे कोकणी, शब्द घातले आहेत. देवाला परमेश्वर, स्वर्गाला वैकुंठ. गंमत म्हणजे पोर्तुगीज लोक कोकणीलाच 'कानारीं' म्हणत. स्टीफन्सनं कोकणीचं जे व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. त्या पुस्तकाच्या नावात भाषा 'कानारीं'च आहे. भाषांना नावं ठेवताना दरबारी माणसं नेहमीच असा घोळ घालतात. आमच्याकडे जनगणनेच्या वेळी 'मातृभाषा' या रकान्यापाशी काय काय होतं, ते आठवलं की मला त्या पोर्तुगिजांचा राग येत नाही.

आता छपाईची गोष्ट, कारण तिच्यात क्रिस्तपुराणाचं नशीब लपलेलं आहे. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्सनं १६०८ मध्ये वरिष्ठांना विनवून पाहिलं. आमच्या लिपीत छापायचंय, पण रोमनला चोवीस साचे पुरतात, इथं काना-मात्रा-जोडाक्षरं धरून सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील. ते झालं नाही. मग त्यानं मराठीला रोमन अक्षरांचा अंगरखा चढवला. पण रोमनमध्ये ट आणि त वेगळे कसे दाखवायचे? त्यानं युक्ती काढली. ट लिहायचा तर 'टी' हे अक्षर दोनदा, ड असेल तर 'डी' दोनदा. 'पुराण'मधला ण लिहायला 'एन' दोनदा. श साठी पोर्तुगीज रिवाजाप्रमाणे 'एक्स'. आज आपण फोनवर रोमन अक्षरांत मराठी ठोकतो, तेव्हा ट-त, ण-न यांचा सरळ चुराडा करतो. स्टीफन्स वाचेल तर कपाळाला हात लावेल.

क्रिस्तपुराणाची दुसरी आवृत्ती १६४९ला आणि तिसरी १६५४ला निघाली. तोवर स्टीफन्स जाऊन तीस वर्षं झाली होती. तो १६१९ मध्ये गोव्यातच वारला. एका मराठी पुस्तकाच्या चाळीस वर्षांत तीन छापील आवृत्त्या, तेही सतराव्या शतकात. लोक चर्चमध्ये, घरी, उपासाच्या दिवसांत ते म्हणत असत. पहिल्या आवृत्तीच्या पाठोपाठ एत्येन दला क्रुआ नावाच्या फ्रेंच जेझुइटानं १६२९ मध्ये संत पीटरचं मराठी पुराणही लिहून छापलं. मराठी ख्रिस्ती पुराणांची लाटच आली म्हणा.

आणि मग २७ जून १६८४ला व्हाइसरॉय काँदी द आल्व्होर यानं फर्मान काढलं. देशी भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा. फर्मानं काही तीन वर्षांत भाषा मारत नाहीत, पण छापखाना मारतात. देशी भाषेतली छपाई आटली. छापलेल्या प्रतींना दमट हवा, वाळवी आणि रोजच्या हाताळणीनं गिळलं असावं. काही असो, तिन्ही आवृत्त्या नाहीशा झाल्या. रोमच्या दप्तरात नाही, लिस्बनच्या वाचनालयात नाही.

पण ओवीला छापखाना कधी लागला होता?

लोक वह्या करत राहिले. एका वहीवरून दुसरी उतरवून काढायची. दुष्काळ, मराठ्यांच्या स्वाऱ्या, धर्मन्यायालयाचा जाच अशा नाना कारणांनी गोव्यातले ख्रिस्ती लाटेलाटेनं दक्षिणेकडे, मंगळूरच्या बाजूला गेले. गाठोड्यात भांडीकुंडी आणि कुणाकुणाच्या गाठोड्यात ही वही. १७८४ मध्ये टिपूनं मंगळूरच्या ख्रिस्त्यांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं, तिथं त्यांनी पंधरा वर्षं काढली. त्या काळात क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीच धीर दिला, अशी आठवण त्या समाजात चालत आली आहे.

मघाचा प्रश्न इथं काढतो. बंडखोर पाद्री नव्हे. त्याच्याकडे परवानगीचा शिक्का होता. भूमिगत झाले ते वही उतरवणारे. घरात कोकणी, बाजारात कन्नड किंवा तुळू, चर्चमध्ये लॅटिन आणि या सगळ्याच्या मधे कुणीही मागत नसलेलं, कुठल्याच सरकारला नको असलेलं मराठी पुराण. मराठी मुलुखापासून इतकं लांब, पिढ्यानपिढ्या मराठी न बोललेल्या घरांनी सव्वादोनशे वर्षं ते सांभाळलं. महाराष्ट्राला त्याचा पत्ताही नव्हता.

१९०७ मध्ये मंगळूरच्या जोसेफ एल. साल्दान्हा यांनी अशा घरोघरच्या हस्तलिखितांचा ताळमेळ घालून क्रिस्तपुराण पुन्हा छापलं, रोमन लिपीतच. म्हणजे मराठीतलं हे पुराण परत सापडलं ते आजच्या कर्नाटकात. हे वाक्य मी भाच्याला दोनदा म्हणून दाखवलं. आमच्याकडे "इथं मराठीचं काय काम" हे वाक्य अधूनमधून ऐकावं लागतं, आणि तिकडे पलीकडच्या मुलुखात गेलो की "तुमची मराठी कानडीच वाटते." दोन्हीवर उतारा म्हणून हे मंगळूर खिशात ठेवण्यासारखं आहे.

खरं आश्चर्य याहून पुढचं. विल्यम मार्सडेन नावाचा एक इंग्रज विद्वान होता, तरुणपणी कंपनीच्या नोकरीत सुमात्रात राहिलेला. पूर्वेकडची हस्तलिखितं जमवण्याचा त्याला नाद. त्याचा संग्रह १८३५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजकडे आणि पुढे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेकडे आला. गोव्याची बरीच कागदपत्रं त्यात होती. १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी तो चाळला. ॲबट म्हणजे मुंबईत बरीच वर्षं घालवलेले अमेरिकन मिशनरी. एकनाथ, तुकाराम, महिपती यांची इंग्रजी भाषांतरं करणारे तेच. संतांच्या ओव्यांवर कान घडलेल्या त्या माणसासमोर एक पोथी उघडली आणि तीत क्रिस्तपुराण होतं. देवनागरीत!

तोवर जगाला वाटत होतं, की हा ग्रंथ रोमनमध्येच जन्मला. लंडनच्या पोथीत मात्र तो सरळ मराठी पोथीसारखा, आणि रोमन प्रतींत जिथं पोर्तुगीज शब्द होते तिथं संस्कृत वळणाचे शब्द. ॲबट यांना वाटलं, मूळ ते हेच. ओवी आधी देवनागरीत उतरली आणि छापताना खिळ्यांअभावी तिला रोमन व्हावं लागलं. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. कुणी म्हणतात, ही पुढच्या कुणा जाणकारानं सुधारून घेतलेली प्रत आहे. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त मोहात पाडते. कुणीतरी एक निनावी माणूस बोरू घेऊन बसलाय आणि अकरा हजार ओव्यांचा परका अंगरखा एकेक करून उतरवतोय.

देवनागरीत छापील क्रिस्तपुराण मात्र यायला १९५६ साल उजाडलं. पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी ते काढलं. मग १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली, आणि नेल्सन फाल्काव यांनी पुढे ते गद्यात आणि इंग्रजीतही नेलं. १९५६ हे साल आम्ही बिदरवाले विसरत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या जिल्ह्याची तीन शकलं झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. ज्या वर्षी क्रिस्तपुराण मराठी मुलुखात परतलं, त्याच वर्षी आम्ही त्यातून बाहेर पडलो.

एक शेवटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेझुइटांनी ज्या हिंदू पोथ्या गोळा केल्या, त्या सगळ्याच जळाल्या नाहीत. शत्रूची भाषा शिकायची तर शत्रूची पुस्तकं हवीत, म्हणून काही त्यांनी रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या. पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात त्या विसाव्या शतकात सापडल्या. कोकणीतल्या रामायण-महाभारताच्या कथा आणि मराठी पद्यं. गोव्यातल्या देवळांबरोबर जे संपलं असं वाटत होतं, ते पाडणाऱ्याच्याच कपाटात शाबूत होतं. आणि पाडणाऱ्याचं पुराण गाणाऱ्यांच्या गाठोड्यात.

हे सगळं सांगून होईपर्यंत उन्हं उतरली होती. भाच्यानं आतून गिटार आणली. माझी ती भालकीच्या गाडीची ओवी त्यानं तीन कॉर्डवर बसवली, प्रत्येक चरणाला एक. चौथ्या अर्ध्या चरणाला त्यानं तारांवर तळवा ठेवला आणि "कळलेच नाही" हे शब्द कोरडेच ओरडून टाकले. मग पुन्हा पहिल्यापासून, आणखी जलद. मग आणखी जलद. अंगणातली कोंबडी उठून गेली.

आत आई तांदूळ निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, ऐकायला कमी येतं असं आम्ही समजतो. सूप खाली ठेवून ती दारात आली.

"जात्यावरचं न्हवं रे हे," ती नातवाला म्हणाली. "येवढ्या घाईनं दळलं तर दाणा आख्खाच पडतो बाबा. असं कांडताना म्हणत्यात."